जंगल मोठं आहे, सोडून दे

जुम्याची नमाज आटोपून पायात चपला सरकवत होतो. आमच्या जमातीतले एक बुजुर्ग जवळ आले. खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "बेटा, ऐकलं ते खरं का? घरात कुत्रा आणलाय?" मी हो म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग अगदी मायेने, मला संकटातून सोडवावं तसं म्हणाले, "मग एवढा विचार कसला करतोस? माथेरानचं जंगल मोठं आहे. सोडून दे. रोजी देणारा अल्लाह आहे."

हे बुजुर्ग वाईट माणूस नाहीत. माझ्या वडिलांच्या जनाज्याला खांदा देणाऱ्यांत ते पुढे होते. गावातल्या कुणाच्याही घरी दुखणं आलं की पहिला माणूस तेच. म्हणूनच त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. दुष्ट माणसाने म्हटलं असतं तर विसरून गेलो असतो. एका भल्या, पाच वक्ताच्या नमाजी माणसाला एक जिवंत पिल्लू उपाशी मरायला सोडणं हा धर्म वाटतो आणि त्याच्या तोंडचा घास अल्लाहच्या नावावर लिहून मोकळं होता येतं, ही गोष्ट मला सरळ चुकीची वाटते. ती का चुकीची आहे, हे आपल्याच किताबांच्या आधारे सांगायचं आहे.

आधी पिल्लू कसं आलं ते सांगतो. माझा भाचा मुंब्र्याला राहतो. मार्च महिन्यात मुलीच्या वाढदिवसाला त्याने पगचं पिल्लू विकत घेतलं, १८ हजार रुपयांना. त्याच वेळी त्याच्या कतारच्या नोकरीचे कागद चालू होते, हे त्याला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पुढच्या महिन्यात फॅमिली व्हिसा आला. मग मला फोन: "मामू, तुमच्याकडे हवा थंड आहे, जागा आहे. थोडे दिवस ठेवा." दस्तुरी नाक्यावर गाडी लावून तो एक पुठ्ठ्याचं खोकं माझ्या हातात देऊन गेला. खोक्यात पिल्लू, अर्धी पिशवी खाणं आणि एक गुलाबी रंगाचा स्वेटर. लसीचं कार्ड विचारलं तर म्हणाला, विकणाऱ्याने देतो म्हटलं होतं.

पुढच्या आठवड्यात पिल्लाला खाली डॉक्टरांकडे नेलं. दात बघून ते म्हणाले, हे विकलं तेव्हा सहा आठवड्यांचंही नसेल. आपल्या देशात कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबत २०१७ पासून नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते, पिल्लाचं लसीकरण झालेलं लागतं. नियम कागदावर आहेत. व्यवहार मोबाइलवर फोटो बघून पार्किंगच्या जागेत होतो.

आमचं घर मूळचं म्हसळ्याकडचं. आजोबा माथेरानला आले आणि बाजारात चपलांचं दुकान टाकलं, ते आजही आहे. कोकणातल्या बहुतेक मुसलमानांप्रमाणे आम्ही शाफई. कुत्र्याच्या बाबतीत शाफई मजहब सगळ्यांत कडक आहे, आणि ते मी लपवणार नाही. इमाम मालिक यांच्या मजहबात जिवंत कुत्रा पाक मानला जातो. हनफी मजहबात त्याची लाळ नापाक आहे, अंग तसं नाही. आमच्याकडे मात्र कुत्रा संपूर्णच नजिस. त्याचा ओला स्पर्श झाला की भांडं असो, कपडा असो की हात असो, सात वेळा धुवायचा आणि त्यातलं एक धुणं मातीचं. माझी अम्मी पंच्याहत्तरीची आहे आणि हा नियम ती अक्षरशः पाळते. माथेरानात निदान मातीला तोटा नाही.

आता ज्यांना वाटतं की मी अम्मीला "मागासलेली" म्हणणार आहे, त्यांची निराशा होईल. पिल्लू आल्यावर माझ्या एका मित्राने माझा आणि त्याचा फोटो फेसबुकवर टाकला आणि वर लिहिलं की असे मुसलमान पाहिजेत. शंभरेक लाइक्स आले. मला तो फोटो बुजुर्गांच्या वाक्याइतकाच खुपला. म्हणजे ज्या मुसलमानाच्या मांडीवर कुत्रा तो चांगला, आणि माझी अम्मी, जी मुसल्ल्याजवळ कुत्रा येऊ देत नाही, ती कोण? त्याच मित्राच्या आजीने त्यांच्या वाड्यातला कुत्रा कधी देवघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. सोवळ्यात असताना कुत्रा शिवला तर ती पुन्हा अंघोळ करायची. हे त्यानेच मला कौतुकाने सांगितलं होतं. त्याच्या आजीचं ते सोवळं, आणि माझ्या अम्मीचं ते कट्टरपण. कुत्रा पाळण्याचं प्रमाणपत्र घेऊन मला कुणाच्या पंगतीत बसायचं नाही.

बुजुर्गांच्या मुद्द्याकडे येतो. त्यांच्याकडे दोन दाखले आहेत आणि दोन्ही खरे आहेत. घरात कुत्रा असेल तर रहमतचे फरिश्ते येत नाहीत, अशी हदीस आहे. शिकार, गुरं आणि शेती यांच्या राखणीखेरीज कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून रोज काही भाग कमी होतो, अशीही हदीस आहे. उलेमांनी या यादीत पुढे घराची राखण धरली. माझ्या पिल्लाला मात्र यातलं काहीच लागू होत नाही, हे मी मान्य करतो. चोर आला तर ते घोरत पडेल.

पण मग पूर्ण हिशेब मांडू. कुत्र्याच्या किमतीचे पैसे घेण्याला पैगंबरांनी मनाई केली, ही हदीसही बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आमच्या शाफई मजहबात कुत्र्याची खरेदी-विक्री मुळात धरतच नाही. भाच्याने १८ हजार मोजले तेव्हा मोहल्ल्यात कुणी भुवई उंचावली नाही. उलट पिल्लाचे फोटो घराघरांतल्या व्हॉट्सअॅपवर फिरले, माशाअल्लाहसकट. शौकाचा माल म्हणून कुत्रा विकत घेतला तेव्हा मसला आठवला नाही. तो कुणाच्या तरी गळ्यात पडला, त्याचं करणं आलं, तेव्हा मात्र सगळ्यांना लाळेची आठवण झाली. ज्या मजहबचा आधार घेऊन तुम्ही पिल्लू हाकलता, त्याच मजहबने ते विकत घ्यायच्या वेळीच हात धरला होता. तेव्हा तुम्ही कुठे होता?

दुसरी गोष्ट. कुत्रा नापाक आहे म्हणून त्याचा जीव स्वस्त आहे, असं कुठल्या मजहबने म्हटलं? नापाकी हा धुण्याचा विषय आहे, द्वेषाचा नाही. तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला पाहून एक माणूस विहिरीत उतरला, चामड्याचा मोजा पाण्याने भरला, तोंडात धरून वर आला आणि कुत्र्याला पाणी पाजलं. अल्लाहने त्याचे गुनाह माफ केले. ही हदीस आपण लहान मुलांना सांगतो. मी चामड्याच्या दुकानात वाढलोय म्हणून असेल, पण मला नेहमी त्या मोज्याचं नवल वाटतं. पायात घालायची वस्तू त्याने तोंडात धरली आणि कुत्र्याच्या तोंडाला लावली. सात वेळा धुण्याचा विचार त्याच्या मनात आला की नाही, हे हदीसमध्ये नाही.

आणि दर जुम्याला आपण जी सूरे कहफ पढतो, तीत गुहेत झोपलेल्या त्या ईमानदार तरुणांबरोबर कोण आहे? उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा. ते तीन होते की पाच की सात, यावर लोक वाद घालतात तेव्हा प्रत्येक मोजणीत शेवटी कुत्रा धरला आहे. माझ्या खांद्यावर हात ठेवणारे बुजुर्ग ही सूर तोंडपाठ पढतात. त्या दिवशीही पढून आले होते.

यावर त्यांनी दिलेलं उत्तर मला आवडलं, कारण त्यात खरा युक्तिवाद होता. ते म्हणाले, मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तुला ठाऊक आहे ना? तिला सजा का झाली? तिने मांजरीला खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खायला मोकळंही सोडलं नाही. म्हणजे मोकळं सोडणं हा रस्ता आहेच की!

मांजरीसाठी आहे. मांजर उंदीर पकडते, झाडावर चढते, छपरावरून पळते. पगला यातलं काय येतं? त्याला नाक नाही, म्हणजे ज्या नाकावर कुत्रा जगतो ते माणसाने चेपून ठेवलंय. जबडा इतका आखूड की धड काही धरता येत नाही. डोळे इतके बाहेर की काटेरी झुडपात एक फांदी लागली तर बुबुळाला जखम. पन्नास पावलं पळाला की धापा. वर माथेरानची माकडं, जी पर्यटकाच्या हातातली पिशवी भर बाजारात ओढून नेतात, ती दीड किलोच्या पिल्लाचं काय करतील? असं जनावर जंगलात सोडणं म्हणजे त्याला मोकळं करणं नव्हे. त्या बाईने दोरीने बांधलं, आपण त्याच्या देहानेच त्याला बांधलंय. दोरी दिसत नाही एवढंच.

आता शाफई म्हणवणाऱ्यांसाठी खास एक नाव. इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम. दमास्कसचे, नंतर कैरोत गेले, इ.स. १२६२ मध्ये वारले. शाफई फिकहमधलं थोर नाव, सुलतानांना तोंडावर सुनावणारा माणूस. त्यांनी आपल्या किताबात माणसावर जनावरांचे हक्क कोणते, याची यादीच दिली आहे. त्यात पहिल्यांदा येतं ते जनावराच्या खाण्यापिण्याचा खर्च. ते म्हातारं झालं, आजारी पडलं, त्याच्यापासून काही फायदा उरला नाही, तरीही. फायदा उरला नाही तरीही, हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण आमच्या मोहल्ल्यातला सगळा युक्तिवाद फायद्यावर उभा आहे: राखण करत नाही, शिकार करत नाही, मग ठेवायचा कशाला? आठशे वर्षांपूर्वीच्या आमच्याच मजहबच्या आलिमाने याचं उत्तर देऊन ठेवलंय. विकत घेणं चूक होतं, मान्य. पण जनावर ताब्यात आल्यावर त्याचा नफका तुमच्यावर आहे. चांगलं घर शोधून द्या किंवा सांभाळा. तिसरा रस्ता नाही.

देशाच्या कायद्यातही नाही, पण कायद्याची गंमत ऐका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमारीने हाल होतील अशा अवस्थेत जनावर टाकून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. पन्नास रुपयांत आमच्या बाजारात चिक्कीचं मोठं पाकीटसुद्धा येत नाही.

या जातीबद्दलही बोललं पाहिजे, कारण राग तिथेही आहे. २००३ मध्ये हच मोबाइलची जाहिरात आली. एक मुलगा आणि त्याच्यामागे सगळीकडे जाणारा पग. त्याआधी आपल्याकडे किती जणांनी पग पाहिला होता? दोन-चार वर्षांत तो "हचवाला कुत्रा" झाला, कंपनीचं नाव बदललं तसा "व्होडाफोनवाला" झाला. आजही माथेरानच्या बाजारात पोरं त्याला याच नावाने हाक मारतात. जाहिरातीत जो पळत होता तो आपल्या घरात का धापा टाकतो, हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही.

विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःचं एक चित्र काढलं. त्यात त्याचा पग शेजारी बसलाय. त्या पगला नाक आहे! बऱ्यापैकी लांब, कुत्र्यासारखं. पुढे माणसांनी गोंडस दिसतो म्हणून चपट्या तोंडाच्या नर-माद्या निवडून निवडून पिल्लं काढली आणि आजचा चेहरा तयार केला. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या पगांचा अभ्यास मांडला. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसाधारण कुत्रा म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आखूड तोंडामुळे होणारा श्वासाचा आजार इतर कुत्र्यांच्या तुलनेत पगमध्ये पन्नास पटींहून जास्त आढळला. आपण ज्याला "किती गोड घोरतो" म्हणतो, तो बऱ्याचदा त्या जिवाचा श्वासासाठीचा झगडा असतो.

सूरे निसामध्ये सैतान फुशारकी मारतो की मी माणसांना बहकवीन, ती जनावरांचे कान चिरतील, अल्लाहची निर्मिती बदलतील. या आयतीच्या अर्थावर तफसीरवाल्यांची मतं वेगवेगळी आहेत, आणि ती पगला लावणं हे माझं वाचन आहे, कुणाचा फतवा नाही. पण कान चिरण्यावर जर एवढी नाराजी असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या नाक चेपण्यावर किती असेल, हे ज्याने त्याने ठरवावं. लाळेवर चर्चा करणाऱ्या एखाद्या तकरीरीत मला हा मुद्दा ऐकायचा आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अमन लॉजजवळ पाहिलेला प्रकार अजून डोळ्यांसमोर आहे. दस्तुरीच्या पुढे मोटारी येत नाहीत, बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर लाल मातीची वाट. दुपारी एक वाजता एक कुटुंब हातरिक्षात बसलेलं, ओढणारा घामाने निथळलेला, आणि रिक्षाच्या मागे दोरीला बांधलेला पग चालत, म्हणजे फरफटत. त्याची जीभ निळसर पडली होती. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो, आणि पगला तीच गोष्ट नीट जमत नाही. आम्ही दोघा-तिघांनी रिक्षा थांबवली, त्याला सावलीत आडवं केलं, अंगावर पाणी ओतलं, पुठ्ठ्याने वारा घातला. वाचला. मालक म्हणाले, हिल स्टेशन आहे ना, इथे त्याला काय होतंय? हातरिक्षा माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं आणि ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. तो रिक्षावाला आणि तो पग मला त्या दिवशी एकाच दोरीला बांधलेले दिसले.

आता आमच्या घरात काय चालतं ते सांगतो. कारण "सांभाळा" म्हणणं सोपं आहे.

भाचीच्या मुलीने त्याचं नाव कोको ठेवलं होतं. अम्मी त्याला नकट्या म्हणते आणि तेच नाव टिकलं. पहिल्या चार रात्री तो रडला. आईपासून सहा आठवड्यांच्या आत तोडलेलं पिल्लू, रडणारच. बाटलीत कोमट पाणी भरून, जुन्या चादरीत गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवलं की शांत व्हायचा. अम्मी आतल्या खोलीतून विचारायची, "त्याला कुणी मारतंय का?" पाचव्या दिवशी तिने स्वतःची जुनी गोधडी उंबऱ्याबाहेर टाकली आणि म्हणाली, ही परत आणू नको.

घराची वाटणी केली आहे. पुढची पडवी आणि दुकानामागची खोली त्याची. अम्मीची खोली आणि मुसल्ल्याची जागा त्याला बंद. मध्ये फळी लावलीय. त्याची दोन भांडी वेगळी, त्यांचा घासणीचा काथ्या वेगळा. त्याला घेताना मी एक ठरलेला सदरा घालतो आणि नमाजीआधी बदलतो. आमच्या मजहबात कोरड्याला कोरडा स्पर्श झाला तर धुवावं लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्यामुळे अंग पुसून कोरडं ठेवलं की निम्मा प्रश्न मिटतो. ज्यांना तेवढंही जड जातं, त्यांना अडचणीत मालिकी मताचा आधार घेता येतो असं सांगणारे उलेमाही आहेत. अम्मीला ते नको आहे, आणि तिच्या घरात तिचाच मसला चालणार. यात कुणाचं काय बिघडलं?

खाणं दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. उकडलेली कोंबडी मसाल्याशिवाय, थोडा भात आणि पिल्लांचं तयार खाणं. कांदा, मनुका, चॉकलेट त्याला विष आहेत. आमची खरी लढाई चिक्कीशी आहे. बाजारातला प्रत्येक जण लाडाने तुकडा टाकतो. पग हा हावरट प्राणी, कधी नाही म्हणत नाही. वजन वाढलं की आधीच अरुंद असलेला श्वास आणखी अडतो. मी दुकानावर पाटी लावलीय, तरी लोक टाकतातच.

चेहऱ्याच्या सुरकुत्या रोज ओल्या कापसाने पुसायच्या आणि लगेच कोरड्या करायच्या. पावसाळ्यात इथे चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे त्या घड्यांत बुरशी आणि दुर्गंध यायला वेळ लागत नाही. डोळा लाल झाला, मिटून घेतला किंवा पाणी वाहू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर नाही. गळ्याला पट्टा बांधायचा नाही, श्वासावर ताण येतो. आमच्या कारागिराने मऊ चामड्याचा छातीवरून जाणारा पट्टा शिवून दिला. आयुष्यभर माणसांच्या चपला शिवल्या, हे पहिल्यांदाच, म्हणत त्याने पैसे घेतले नाहीत.

फिरायला फजरनंतर लगेच, ऊन चढायच्या आत घरी. संध्याकाळी मगरिबच्या सुमारास पुन्हा दहा मिनिटं. दर खाण्यानंतर आणि दर झोपेनंतर बाहेर नेलं तर घाण घरात होत नाही. झालीच तर नाक घासणं, मारणं असले प्रकार करायचे नाहीत, त्याला कळत नाही कशासाठी मारलं. रस्त्यावर घोडे असतात, टापेखाली येण्याची भीती, आणि गोचीड. गोचिडीतून कुत्र्याला जीवघेणा ताप येतो, म्हणून रोज रात्री कानामागे, बोटांच्या फटींत हात फिरवून बघावं लागतं.

आणि लसी. पार्वो, डिस्टेंपर वगैरेंची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत पुन्हा द्यावी लागते. तीन महिन्यांला रेबीजची. आमच्या पावसाच्या मुलखात लेप्टोची विसरायची नाही. जंतांचं औषध वेगळं. सगळ्या लसी होईपर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्यांत आणि त्यांच्या घाणीत सोडायचा नाही. पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि माणसाच्या डॉक्टरकडे जायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. दम केलेलं पाणी जरूर प्या, पण लस घेऊन.

यासाठी दर वेळी टोपली घेऊन दस्तुरीपर्यंत चालत, तिथून टॅक्सीने घाट उतरून खाली. अर्धा दिवस दुकान बंद. खर्चाचा हिशेब मी वहीत लिहून ठेवतोय आणि दर महिन्याला त्याचा फोटो कतारला पाठवतोय. भाचा म्हणतो, "मामू, तुम्ही तर नाराज झालात." मी म्हटलं, नफका तुझ्यावर आहे, मी फक्त सांभाळणारा. या महिन्यापासून पैसे यायला लागलेत.

पग विकत घेऊ नका. मुसलमान असा नाहीतर नसा, घेऊ नका. कुत्रा हवाच असेल तर आपल्या रस्त्यांवर लांब नाकाची, धड श्वास घेणारी पिल्लं दर पावसाळ्यात मरतात, त्यातलं एखादं विचार करून, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून आणा. आणि कुत्रा नको असेल तर तेही ठीक आहे. कुत्रा न पाळणं हा गुन्हा नाही आणि त्यासाठी कुणी तुम्हाला मागास ठरवत असेल तर त्याची पर्वा करू नका. पण घरात आलेला जीव गाडीत घालून घाटात सोडायला निघाला असाल, तर ओठांवर अल्लाहचं नाव घेऊ नका.

बुजुर्गांना मी हे सगळं सांगितलं, एवढ्या जोरात नाही. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, फरिश्त्यांचं काय? मी म्हटलं, अम्मीच्या खोलीचं दार बंद असतं, तिकडे येतील. ते हसले नाहीत, पण गेलेही नाहीत. उद्या नकट्याची तिसरी लस आहे. माझा गुडघा दुखतोय आणि टोपली आता जड झालीय. दस्तुरीपर्यंत ती उचलायला कुणीतरी लागेल, असं मी त्यांना सांगितलंय. सकाळी आठला निघतोय.